दोन सीटची गाडी आणि चार लोक

घाटातला_वारा (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ७.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, घरी बोलून झालं, आता इथे मांडतो.

२०२२ च्या दिवाळीत मी एक जुनी बीएमडब्ल्यू झेड-फोर घेतली. २०१३ चं मॉडेल, एमएच १२ पासिंग, गडद लाल, दोन सीटची, टप उघडणारी. अठ्ठावीस लाखांना मिळाली. त्यातले सोळा लाख मी अकरा वर्षांत साठवलेले, उरलेलं कर्ज, हप्ते अजून चालू आहेत. आकडे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं.

मी चाकणला एका कारखान्यात डाय, म्हणजे धातूचे भाग काढायचे साचे, डिझाइन करतो. वडील एसटीत कंडक्टर होते, गाव वाई तालुक्यात. सुट्टीत त्यांच्याबरोबर पाचगणीच्या फेरीला जायचो तेव्हा ड्रायव्हरच्या मागची सीट माझी ठरलेली. पसरणी घाटात वळणाआधी ते काका गिअर कसा उतरवतात, स्टिअरिंग हातातून कसं परत सरकू देतात, हे बघत मी मोठा झालो. गाडी हवी होती ती या घाटासाठी. कुणाला दाखवायला नव्हे.

पण गाडी दारात आली आणि मी लोकांसाठी दुसराच माणूस झालो.

पहिल्याच वर्षी सोसायटीतली पोरं गणपतीच्या वर्गणीला आली. पावतीपुस्तकात माझ्या नावापुढे ५००१ आधीच लिहिलेलं होतं. समोरच्या फ्लॅटमध्ये पांढरी फॉर्च्युनर आहे, माझ्या गाडीच्या दीडपट किमतीची. त्यांची पावती ५०१ ची. मी पाच हजार एक दिले, गणपतीसाठी दिले, त्याचं काही नाही. पण तो आकडा मला न विचारता लिहिला गेला हे लागलं.

मग ऑफिस. गेल्या वर्षीच्या पगारवाढीच्या बैठकीत साहेब हसत म्हणाले, "तुला काय कमी आहे? तू तर स्पोर्ट्स कारमधून फिरतोस." वाढ निम्मीच मिळाली. कारण तेवढंच होतं असं मी म्हणत नाही, पण ते वाक्य टेबलावर ठेवलं गेलं होतं. मार्चमध्ये पार्किंगमध्ये कुणीतरी डाव्या दारावर किल्लीने ओरखडा ओढला. हॅन्डलपासून चाकाच्या कमानीपर्यंत, सरळ, हात न थरथरता ओढलेला. त्यावरून बोट फिरवताना पत्र्याची थंड धार लागते.

आणि गावी गेलं की याच गाडीचं काही वेगळंच होतं. टप मिटायला वीस सेकंद लागतात. पारावर गाडी लावून बटण दाबलं की अख्खी आळी गोळा होते. आमची थोरली आत्या, वय ऐंशीच्या पुढे, बघून म्हणाली, "आरं, ही तर छत्रीवानी मिटली की!" मग आत बसली, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "चल, देवीपातूर." मे महिन्यात चुलतभावाच्या वरातीला गाडी दिली. नवरानवरी मागच्या कडेवर बसले होते, पाय सीटवर. हळदीचे डाग अजून आहेत. तिथे कुणीही मला "किती कमावतोस" म्हणून विचारलं नाही. विचारलं ते इतकंच, "यात दोनच माणसं बसत्यात, मग आईला कुठं बसवतोस?"

बायको म्हणते, विकून टाक, डोक्याचा ताप नको. माझा जीव होत नाही. तुम्हाला काय वाटतं? गाडीवरून लोक तुमच्याबद्दल मत बनवतात तेव्हा तुम्ही काय करता?

---

सातारी_बाणा | सकाळी ८.२५

घा.वा., लेख मनापासून लिहिलाय, म्हणून मीही मनापासून सांगतो. गाडीवरून माणूस ओळखायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच आहे, तुम्हालाही असणार. पांढरी फॉर्च्युनर, काळ्या काचा, पुढे पक्षाचा झेंडा दिसला की आपण मनात काय म्हणतो? पुढारी, नाहीतर गुंठामंत्री. आत बिचारा एखादा डॉक्टर बसलेला असतो. अल्टो दिसली की मास्तर किंवा बँकेतला. स्प्लेंडरला दुधाचे कॅन लटकत असले की आपण गावाचं नावसुद्धा ठरवून मोकळे होतो.

फरक इतकाच की फॉर्च्युनरला "कामाची गाडी" म्हणता येतं. दहा माणसं कोंबता येतात, लग्नाला नेता येते, शेतावर जाते. दोन सीटच्या गाडीला असं काही कारण देता येत नाही. ती फक्त आनंदासाठी घेतलेली असते आणि आपल्या समाजात स्वतःच्या आनंदासाठी खर्च केलेला पैसा दिसला की लोकांना तो डोळ्यांत खुपतो. घरावर, सोन्यावर, पोरीच्या लग्नात उधळला तर चालतो.

विकू नका. पण लोक बोलणार हे धरून चाला.

---

पाना_पक्कड | सकाळी ९.१०

भोसरीला माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. जर्मन गाड्याही येतात. लोक रंग बघतात, लोगो बघतात. मी आधी खाली वाकून टायर बघतो.

टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ३२१७ असेल तर २०१७ सालातला बत्तिसावा आठवडा, तेव्हा तो टायर बनला. महागड्या गाड्या माझ्याकडे येतात, टायरची नक्षी नव्यासारखी, पण आकडा आठ-नऊ वर्षांपूर्वीचा. रबर वाळून कडक झालेलं असतं, नख दाबलं तरी उमटत नाही. म्हणजे गाडी वर्षभर झाकून ठेवलेली आणि महिन्यातून एका रात्री काढून पळवलेली. अशा मालकाला मी तोंडावर सांगतो, आधी टायर, मग बाकीचं.

दुसरा मालक असा असतो की पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा गोल झिजलेल्या, ब्रेकच्या चकतीला काठाला उंचवटा आलेला, आतली गादी ड्रायव्हरच्या बाजूला मऊ पडलेली. हा घाटात जाणारा माणूस. त्याने गाडी चालवायला घेतलेली असते. या माणसाची गाडी मी दुसऱ्याच्या हातात देत नाही, स्वतः करतो.

घा.वा., तुमची गाडी दुसऱ्या प्रकारची असणार असं लेखावरून वाटतंय. ओरखडा प्रायमरपर्यंत, म्हणजे रंगाखालच्या थरापर्यंत, गेला नसेल तर रबिंग-पॉलिशने बराच जाईल. गेला असेल तर अख्खं दार रंगवा, नुसता पट्टा मारला तर लालमध्ये फरक दिसतो.

---

निरीक्षण_वही | सकाळी ११.०५

मी मानसशास्त्र शिकवते. या विषयावर एक जुना प्रयोग वर्गात नेहमी सांगते, इथेही सांगावासा वाटला.

अँथनी डूब आणि ॲलन ग्रॉस या दोघांनी १९६८ मध्ये तो प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियात सिग्नलला गाडी उभी करायची आणि हिरवा दिवा लागला तरी मुद्दाम हलवायची नाही. मागचा माणूस हॉर्न कधी वाजवतो हे मोजायचं. कधी पुढे चकचकीत नवी क्रायस्लर, कधी जुनी साधी गाडी. जुन्या गाडीमागच्या ८४ टक्के लोकांनी हॉर्न वाजवला, नव्या गाडीमागच्या ५० टक्क्यांनी. विद्यार्थ्यांना नुसतं विचारलं तेव्हा मुलगे म्हणाले होते की महागड्या गाडीवर आम्ही आधी हॉर्न वाजवू. प्रत्यक्षात उलटं घडलं.

म्हणजे माणसं महागड्या गाडीसमोर गप्प बसतात. राग नसतो म्हणून नव्हे, तो तोंडावर निघत नाही म्हणून. घा.वा. यांच्या दारावरचा ओरखडा मी तसा वाचते. कुणीतरी काहीतरी गिळलं होतं आणि ते पार्किंगच्या अंधारात बाहेर पडलं. याने त्या कृत्याचं समर्थन होत नाही. ओरखडा हा ओरखडाच.

---

सावली_दुपारची | दुपारी १.५०

मी कल्याणीनगरला राहते. या धाग्यावर लिहू की नको असा विचार करत होते.

१९ मे २०२४ च्या पहाटे आमच्या भागात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सतरा वर्षांचा मुलगा, नंबर न मिळालेली पोर्शे आणि दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगा, एक मुलगी. दोघंही गेले. त्याच दिवशी जामीन आणि अट म्हणून तीनशे शब्दांचा निबंध. त्या निबंधाने पुणेकरांना जेवढं दुखावलं तेवढं फार कशाने दुखावलं नसेल.

मी रात्री साडेनऊला क्लासवरून चालत घरी येते. मागून तो आवाज आला की, तुम्हाला कळतंय कुठला, माझा पाय आपोआप फूटपाथवर वर जातो. फूटपाथ नसेल तर दुकानाच्या पायरीवर. आत कोण बसलंय हे मला दिसत नाही. तो कंडक्टरचा मुलगा आहे, अकरा वर्षं पैसे साठवलेत, हे मला कसं कळणार? मला फक्त आवाज ऐकू येतो आणि मला तो तीनशे शब्दांचा निबंध आठवतो.

घा.वा., तुमच्या लेखात वर्गणी आहे, पगारवाढ आहे, ओरखडा आहे. रस्त्यावरून चालणारी माणसं त्यात कुठेच नाहीत. लोक तुम्हाला श्रीमंत समजतात याचं तुम्हाला वाईट वाटतं. लोक तुम्हाला घाबरतात हे तुमच्या लक्षात आलंय का?

---

निरीक्षण_वही | दुपारी २.३०

सावली, तुमची भीती निराधार नाही. पॉल पिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातच एक निरीक्षण केलं होतं. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस उभा करायचा आणि कोण थांबतं ते बघायचं. सर्वांत जुन्या, खटारा गटातली प्रत्येक गाडी थांबली. सर्वांत महागड्या गटातल्या निम्म्याच्या आसपास थांबल्या नाहीत. अभ्यास छोटा आहे, एका भागापुरता आहे, त्यावरून प्रत्येक मालकाला दोषी धरता येत नाही. पण चालणाऱ्या माणसाने सावध राहण्यात चूक काहीच नाही.

---

घाटातला_वारा | रात्री ९.१५

सावलीताई, तुमचा प्रतिसाद दुपारपासून चार वेळा वाचला.

नव्हतं लक्षात आलं. खरंच नव्हतं. आमच्या गाडीला एक बटण आहे, दाबलं की एक्झॉस्टचा आवाज मोठा होतो, गिअर उतरताना मागे फटफट होते. मला तो आवाज फार आवडतो. सकाळी सहाला घाटात निघतो तेव्हा सोसायटीच्या गेटपासूनच ते बटण चालू असायचं. गेटबाहेर दूधवाले, पेपरवाली पोरं, फिरायला निघालेले आजीआजोबा असतात. ते बाजूला व्हायचे, मला वाटायचं गाडी बघायला थांबतात.

आज संध्याकाळी भाजी आणायला मुद्दाम चालत गेलो. आमच्या कोपऱ्यावर एक मोटार वळली, माझ्या गाडीच्या निम्म्या आवाजाची, तरी मी दचकलो. गाडीत बसलेला असताना हे कळत नाही, कारण आत आवाज आनंदाचा असतो.

उद्यापासून ते बटण वाईच्या पुढेच.

---

डॉक्टर_मस्टँग | सोमवार, सकाळी ७.०५

नाशिकहून लिहितेय. २०१८ पासून माझ्याकडे मस्टँग जीटी आहे, पाच लिटरचं व्ही-एट इंजिन. २०१६ मध्ये उजव्या हाताच्या स्टिअरिंगची मस्टँग पहिल्यांदा अधिकृतपणे भारतात आली, तेव्हाच ठरवलं होतं. मी दंतवैद्य आहे, क्लिनिक माझं, हप्ते माझे.

बाईच्या हातात अशी गाडी दिसली की पहिला प्रश्न, "साहेबांची का?" एका मोठ्या हॉटेलात गाडी लावणाऱ्या मुलाने परत येऊन किल्ली सरळ माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. नवरा गाडी चालवतच नाही, त्याला लायसन्स नाही. त्याने ती किल्ली माझ्यापुढे धरली तेव्हा त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कार्डिफमध्ये २०१० मध्ये एक प्रयोग झाला होता, निरीक्षण_वही यांना माहीत असेल. एकाच पुरुषाला बेंटलीत आणि फिएस्टात बसवून बायकांना फोटो दाखवले, बेंटलीतला जास्त आवडला. बाईला बसवून पुरुषांना दाखवलं तर काहीच फरक पडला नाही. मला ते वाचून वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे ही गाडी मी खरोखर फक्त माझ्यासाठी ठेवू शकते.

पण एक गोष्ट मला टोचली. क्लिनिकच्या बाहेरच्या बाकावर एक आजोबा दुसऱ्यांना सांगत होते, "बाईंच्या गाडीचा हप्ता आपल्या दाढेतून जातो." मी दाराआड उभी होते. ते आजोबा निवृत्त पोस्टमन, रूट कॅनॉलचे पैसे तीन महिन्यांत फेडत होते. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून क्लिनिकला ॲक्टिव्हाने जाते. गाडी लपवायची म्हणून नव्हे. उघड्या तोंडाने खुर्चीत पडलेल्या माणसाला डॉक्टरवर विश्वास ठेवता आला पाहिजे, एवढ्यासाठी. रविवारी त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला मस्टँग.

घा.वा., साहेबांच्या त्या वाक्याला मात्र ॲक्टिव्हाने उत्तर देता येणार नाही. तिथे आकडे ठेवा. वर्षभरात तुम्ही किती डाय काढले, किती रिजेक्शन वाचलं. गाडीचा विषय त्यांनी काढला तर "ती सेकंड हॅन्ड आहे, कर्ज चालू आहे" हे एकदा स्पष्ट सांगा. तुम्ही अजून कुणाला हे सांगितलेलं दिसत नाही.

---

ओहायोकर | सकाळी ८.४०

इकडची गंमत वेगळी. माझ्याकडे १९९४ ची माझदा मियाटा आहे. साडेचार हजार डॉलरला घेतली, म्हणजे आमच्या मराठी मंडळातल्या बहुतेकांच्या मिनीव्हॅनच्या दहाव्या हिश्शात. ही गाडी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली आणि एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी बनली, जगात सर्वांत जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. वजन हजार किलोच्या आसपास, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे.

तिला बघून इथले लोक श्रीमंत समजत नाहीत. ते म्हणतात, ही बायकांची गाडी, केस कापणाऱ्यांची गाडी, नाहीतर चाळिशी उलटलेल्या माणसाला सुटलेला चळ. मंडळाच्या गणेशोत्सवाला पहिल्यांदा घेऊन गेलो तर एका काकांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना रे?" त्यांना खरोखर काळजी वाटली होती. पुण्यात तीच गाडी "बापाचा पैसा" ठरेल. गाडी तीच, माणूस तोच. मग मत कशाचं असतं, गाडीचं की बघणाऱ्याच्या गावाचं?

---

कट्टा_दादर | सकाळी १०.२०

सचिनच्या फेरारीची आठवण कुणीच काढली नाही?

२००२ मध्ये त्याने पोर्ट ऑफ स्पेनला ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली, म्हणून फियाटकडून ३६० मोडेना मिळाली, मायकेल शूमाकरच्या हातून. मग आयात शुल्क माफ करण्याचा विषय निघाला, सुमारे १.१३ कोटींचा. तेव्हा मी कॉलेजात होतो. ज्या कट्ट्यावर त्याच्याविरुद्ध एक शब्द कुणी ऐकून घेत नसे, तिथे पहिल्यांदा लोक त्याच्यावर चिडलेले पाहिले. साहित्य सहवासातला, कवी-प्राध्यापकाचा मुलगा, पहिली गाडी मारुती ८००, तो आपला होता. लाल फेरारीतला सचिन लोकांना परका वाटला. शेवटी शुल्क फियाटने भरलं आणि २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली.

माझं म्हणणं इतकंच, लोकांना गाडीचा राग नव्हता. नियम सगळ्यांना सारखा हवा होता. कल्याणीनगरचा रागही तोच. म्हणून बाहेरच्या राज्यातलं पासिंग करून कर वाचवलेल्या गाड्या मुंबईत फिरताना दिसल्या की माझं डोकं फिरतं. एमएच १२ आहे ना? कर भरलाय ना? मग मान वर करून चालवा.

---

मांडवीतीर | सकाळी ११.४५

गोव्यातून एक छोटी आठवण. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची उघडी गाडी बनायची. फायबरची बॉडी, रेनॉचं बाराशे सीसीच्या आतलं इंजिन, साठेक अश्वशक्ती. पणजीत एक पिवळी होती. कुणालाही वाटायचं, आत पर्यटक असणार. मालक आमच्या शाळेच्या ऑफिसातले शिरस्तेदार होते. लोक त्यांना इंग्रजीत रस्ता विचारायचे आणि ते शांतपणे कोकणीत सांगायचे.

---

सातारी_बाणा | दुपारी १२.१०

सावलीताईंच्या प्रतिसादाला +१. मी काल सकाळी "लोक बोलणार हे धरून चाला" म्हणालो, ते अर्धवट होतं. काही लोकांचं बोलणं धरून चालायचं, काहींचं ऐकायचं. वर्गणीचा आकडा लिहिणारी पोरं आणि पायरीवर चढणारी बाई, या दोघांना एका तागडीत घालता येत नाही.

---

घाटातला_वारा | शुक्रवार, रात्री १०.३०

उशिरा येतोय, माफ करा. आठवडाभर कामात होतो.

बुधवारी साहेबांना भेटलो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वर्षाचे आकडे घेऊन गेलो आणि गाडीचंही सांगितलं, सेकंड हॅन्ड, नऊ वर्षं जुनी असताना घेतलेली, चार वर्षांचे हप्ते बाकी. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "अरे, मला वाटलं सासऱ्यांनी दिली." दोन वर्षं या माणसाच्या शेजारच्या टेबलावर जेवतोय. वाढीचं काय होतं ते ऑक्टोबरात कळेल. पण दोन वर्षं मी हे कुणालाच का सांगितलं नाही, हा प्रश्न घरी येताना डोक्यात होता. सेकंड हॅन्ड म्हणायला मला लाज वाटत होती का? थोडी वाटत होती.

दाराचा ओरखडा प्रायमरपर्यंत गेलाय. अख्खं दार रंगवायचा खर्च आत्ता परवडत नाही, दिवाळीनंतर बघू. गाडी विकत नाही, बायकोशी बोलणं झालं. ती म्हणाली, मग निदान मला चालवायला शिकव.

पाना_पक्कड, तुमचं वाचून काल रात्री टॉर्च घेऊन खाली गेलो. मागचे दोन टायर मी गेल्या वर्षी बदलले होते, ते ठीक. पुढच्यांकडे कधी बघितलंच नव्हतं, नक्षी चांगली दिसत होती. चिखल पुसून वाचलं. दोन्हीवर २२१६. नख उमटत नाही. वरातीला याच टायरवर नवरानवरी बसवून उतारावरून आणली होती.

---

पाना_पक्कड | शुक्रवार, रात्री १०.५५

उद्या घाटात जाऊ नका. पुढचे २२५/४० आर १८ असतील, रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे. बाजूवर वाचून मला साइज पक्का कळवा, मी रात्रीतच विचारून ठेवतो. सकाळी नऊला गाडी हळू घेऊन या, साठच्या वर जाऊ नका. वहिनींनाही आणा, टायर बघायचा कसा ते दोघांना दाखवतो.